मटकीला मोड आल्यात

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

पहिलीचा वर्ग मिळाला, आणि मुलं घरी बोलतात ती मराठी पुस्तकात सापडत नाही, असं लिहिलंस. मग पहिले धडे मुलांच्या बोलण्यातूनच काढ.

सहा-सात जणांचा गट घे. त्यांनी मिळून काहीतरी केलेलं हवं, उदाहरणार्थ मटकी भिजवून मोड आणणं. "मज्जा आली का?" विचारलंस तर "हो" म्हणून मोकळी होतील. "मटकीचं काय झालं?" असं विचार. येतील त्यातली चार-पाच छोटी वाक्यं मोठ्या कागदावर त्यांच्यासमोर, तोंडाने म्हणत लिही. शब्द पुरा झाला की मगच त्यावर शिरोरेषा ओढ आणि दोन बोटं जागा सोड. शब्द कुठे संपला हे मुलांना त्या रेषेवरूनच कळतं. सलग ओढलीस तर अख्खं वाक्य एकच शब्द दिसतं.

मूल "मोड आल्यात" म्हणालं तर तसंच लिही. तू "आले आहेत" लिहिलंस, की तोंडात एक शब्द आणि बोटाखाली दोन! तिथेच गाडी अडते. पुस्तकातलं रूप दिवाळीनंतर शेजारी मांडून दाखव.

खरा धोका पाठांतराचा. दुसऱ्या दिवशी मुलं तक्ता धडाधड म्हणतील, केंद्रप्रमुखही खूश होतील. तू होऊ नकोस. वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम बदल. मग सुटे शब्द दाखव (जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कार्डांना उत्तम). ओळखलेलं कार्ड मुलाच्या पाकिटात, न ओळखलेलं बाद, तेही न रागावता. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिका असंच करत: प्रत्येक मुलाला त्याने मागितलेला शब्द द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी ओळखला नाही तर तो टाकून द्यायचा.

असे वीस-पंचवीस शब्द जमले की अक्षरांकडे वळ. मटकी, माती, मोड एकाखाली एक ठेवलेस की 'म' मुलंच शोधतात. 'भिजवली'पाशी थांब: पहिली वेलांटी दिसते आधी, ऐकू येते नंतर. तिथे 'भ' आधी लिहून मग वेलांटी दे.

घरची भांडणं, दारू, कर्ज असंही वाक्यांत येईल. ऐकून घे, तक्त्यावर नको.

महिन्याचे कागद दोऱ्याने शिवून दुसऱ्या गटाला वाचायला दे. ती वाक्यं त्यांनी सांगितलेली नाहीत, त्यामुळे अंदाज चालणार नाही. कोण कुठे अडतं ते तिथे नोंदव.