दरवर्षी पास होणारी आलिशान सेडान घ्यावी का?

प्रश्न: मी नोकरी करतो, घरात आम्ही चौघं. अकरा वर्षांची एक मोठी आलिशान सेडान मिळते आहे. नवी असताना तिची जी किंमत होती, तिच्या आठव्या हिश्शात. एअर सस्पेन्शन, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वार्षिक तपासणीचे गेल्या सहा वर्षांचे दाखले विक्रेत्याने दिले आहेत, सहाही वेळा गाडी पहिल्याच फेरीत पास. शेवटच्या दाखल्यावर तीन शेरे आहेत: पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, झिजायला लागलेत, मागचे दोन्ही टायर मर्यादेच्या जवळ आलेत, इंजिनाखाली किंचित तेल दिसतं. गाडीची किंमत आमच्या आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. बँकेत सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक आहे. त्यातून चार महिन्यांची रक्कम घालायची आणि उरलेल्यासाठी तीन वर्षांचं कर्ज काढायचं असा विचार आहे. गाडी इतकी भरवशाने पास होते, म्हणजे मोठा खर्च निघणार नाही असं धरून चाललं तर चालेल ना?

उत्तर: नमस्कार.

नाही चालणार. आणि तुमचा सगळा हिशेब नेमका त्याच गोष्टीवर उभा आहे. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: पैसे उभे करायची जी पद्धत तुम्ही लिहिली आहे, त्या पद्धतीने ही गाडी घेऊ नका. गाडीच वाईट आहे असं मी म्हणत नाही. सहा वर्षं ओळीने पहिल्या फेरीत पास होणं ही जमेची बाजू आहे आणि तिची किंमत मी कमी करणार नाही. फक्त त्या दाखल्यांतून तुम्ही जे वाचताय, ते त्यात लिहिलेलं नाही.

तपासणी कशासाठी असते ते बघा. ब्रिटनमध्ये 1960 साली ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघायचे. पुढे यादी वाढत गेली: टायर, सीटबेल्ट, सस्पेन्शनचे सांधे, गंज, धूर, एबीएस आणि एअरबॅगचे इशारादिवे. पण हेतू तोच राहिला. ही गाडी आज रस्त्यावर इतरांच्या जिवाला धोका आहे का, आणि हवा मर्यादेपेक्षा जास्त खराब करते का, एवढाच प्रश्न. इंजिन आतून किती झिजलंय, गिअरबॉक्स किती दिवस टिकेल, हे तिथे कोणी तपासत नाही. ब्रिटनच्या तपासणीत तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था पाहिली जात नाही, असं सरकार स्वतःच सांगतं. इतर देशांत नियम आणि मुदती वेगळ्या आहेत. जर्मनी आणि जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. पण भर सगळीकडे सुरक्षितता आणि धूर यांवरच असतो.

साध्या छोट्या गाडीच्या बाबतीत ही तफावत फारशी जाणवत नाही, कारण तिच्यात महाग बिघडण्यासारखं मुळातच कमी असतं. आलिशान सेडानचं उलटं आहे. तिच्यातले सगळ्यात महाग भाग तपासणीच्या यादीबाहेर तरी असतात, किंवा यादीत असूनही त्या अर्ध्या-पाऊण तासात दोष दाखवत नाहीत.

एअर सस्पेन्शनच घ्या. स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवापिशव्या असतात आणि एक कंप्रेसर त्यांत हवा भरतो. दहा-बारा वर्षांत रबराला बारीक चिरा पडतात. रात्रभर उभ्या गाडीचा एक कोपरा हळूहळू खाली बसतो. सकाळी इंजिन सुरू केलं की कंप्रेसर हवा भरून गाडी पुन्हा सरळ करतो. ती तपासणी केंद्रावर पोचते तेव्हा ताठ उभी असते आणि रीतसर पास होते. पण गळती भरून काढायला कंप्रेसर गरजेपेक्षा जास्त वेळ चालत राहतो, तापतो आणि एक दिवस जळतो. म्हणजे पिशवीचा खर्च होताच, त्यात कंप्रेसरचा वाढला. गिअरबॉक्सचंही तसंच. गरम झाल्यावर बसणारा हलका झटका, तेल कधी बदललं होतं, याची नोंद दाखल्यात नसते. डिझेल इंजिनाच्या धुराच्या गाळणीचं दुखणं आणखी फसवं. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर गाळणी स्वतःला साफ करण्याएवढी तापत नाही आणि काजळी साचत जाते. तपासणीआधी लांबची एक फेरी मारून आणलं की धूर मर्यादेत येतो. तुमचा रोजचा प्रवास किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो फक्त घर ते ऑफिस आणि शाळा एवढा असेल, तर डिझेल मोठं इंजिन तुमच्या उपयोगाचं नाही. हे एकच कारण नकाराला पुरेसं आहे.

मग या गाड्या तपासणीत अडतात तरी कशावर? बहुतेक वेळा वजनामुळे झिजणाऱ्या गोष्टींवर. दीड-दोन टन वजन, प्रत्येक चाकाला चार-पाच आर्म, आणि प्रत्येक आर्मला बुश आणि सांधे. ते झिजले की चाकाचा कोन बिघडतो, टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला टायर धडधाकट दिसतो. तुमच्या दाखल्यावर पुढचे बुश आणि मागचे टायर असे दोन वेगळे शेरे आहेत. मागचे टायर आतून झिजलेत की सगळीकडून सारखे, एवढं तुम्ही स्वतः वाकून बघा. सारखे झिजले असतील तर फक्त टायरचा खर्च. आतून झिजले असतील तर मागच्या आर्मचाही खर्च येऊ शकतो आणि त्याचा शेरा अजून लिहिला गेलेला नाही.

शेऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या हातातली सगळ्यात मौल्यवान माहिती तीच आहे. तुम्ही सहाही दाखल्यांचा निकाल सांगितलात, पण शेरे फक्त शेवटच्या वर्षाचे. आधीच्या पाच दाखल्यांवरचे शेरे विक्रेत्याकडून मागा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. एखादा शेरा एका वर्षी आला आणि पुढच्या वर्षी गेला, तर मालकाने मध्ये काम करून घेतलं. तोच शेरा तीन वर्षं जसाच्या तसा आला, तर मालक नापास होईपर्यंत खर्च न करणाऱ्यांपैकी आहे, आणि जे तपासणीत दिसत नाही तिथे त्याने किती खर्च केला असेल याचा अंदाज तुम्हीच करा. प्रत्येक दाखल्यावरचं मीटरवाचन बघा. दरवर्षी साधारण सारखं अंतर असेल तर ठीक. एखाद्या वर्षी ते अचानक घटलं असेल, किंवा दोन तपासण्यांत मुदतीपेक्षा मोठा खंड असेल, तर गाडी उभी का होती हे विचारा. आणि शेवटी मालक कधी बदलले त्या तारखा याच कागदांवर पेन्सिलीने लिहा. पहिली काही वर्षं अशी गाडी बहुधा वॉरंटीत असते किंवा कंपनीच्या खर्चाने सांभाळली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आली की हात आखडतो. सहा वर्षांच्या स्वच्छ निकालांतले चार पहिल्या मालकाच्या पैशांवर आलेले असू शकतात.

हाच मुद्दा मॉडेलच्या सरासरीलाही लागू आहे. अमुक जुनी आलिशान गाडी इतक्या टक्के वेळा पास होते असे आकडे तुमच्या वाचनात येतील. ते बघताना एक लक्षात घ्या: ज्या गाड्यांची दुरुस्ती किमतीबाहेर गेली त्या भंगारात जातात आणि पुन्हा तपासणीला येतच नाहीत. उरतात त्या जपलेल्या. त्यामुळे फार जुन्या गाड्यांचा निकाल दिसतो तितका मॉडेलच्या मजबुतीचा पुरावा नसतो. त्यामागे कोणीतरी दरवर्षी खर्च करत आलेलं असतं. तुम्ही ही गाडी घेतलीत तर ती जागा तुम्हाला घ्यावी लागेल.

आता ती जागा तुम्हाला परवडते का ते बघू.

गाडी मूळ किमतीच्या आठव्या हिश्शात मिळते आहे. पण तिचे सुटे भाग आठव्या हिश्शात मिळत नाहीत. ते त्या वर्गाच्या नव्या गाडीच्या किमतीशी जोडलेले असतात आणि मजुरीही त्याच हिशेबाने लागते. म्हणजे नव्या किमतीच्या एक टक्का खर्चाचं काम तुमच्या खरेदीच्या आठ टक्के होतं. समजा हवापिशव्या, कंप्रेसर किंवा गिअरबॉक्स यांपैकी एखादं काम नव्या किमतीच्या तीन टक्क्यांचं निघालं. तुमच्या दृष्टीने ते खरेदीच्या चोवीस टक्के, आणि गाडीची किंमत आठ महिन्यांच्या घरखर्चाएवढी असल्याने जवळपास दोन महिन्यांचा घरखर्च. गाडी घेतल्यावर तुमच्याकडे उरणार आहेत नेमके दोनच महिने. एका बिघाडात शिल्लक शून्यावर, वर कर्जाचा हप्ता चालू, आणि घरात चार माणसं. नोकरीत काही झालं किंवा कोणी आजारी पडलं तर पहिल्याच महिन्यात उसनवारी करावी लागेल. मला यातली खरी काळजी ही आहे, गाडीची नाही.

कर्जाबद्दलही माझा आग्रह आहे: या गाडीवर कर्ज नको. जुन्या गाडीसाठी व्याजदर सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी हप्ता थांबत नाही, त्या काळात प्रवासाला वेगळे पैसे जातात ते निराळेच. विमा काढताना आणखी एक गोष्ट विचारा. गाडीची आजची किंमत कमी आणि दुरुस्ती महाग, यामुळे मध्यम अपघातातही विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत काढू शकते. तेव्हा हातात येणारी रक्कम कर्जाच्या बाकीपेक्षा कमी भरली, तर गाडी गेली आणि कर्ज राहिलं अशी अवस्था होते.

मग कोणत्या स्थितीत मी होकार देईन? आपत्कालीन शिल्लक, म्हणजे ते सहा महिने, जसेच्या तसे राहिले पाहिजेत. त्यांना हात न लावता गाडीची पूर्ण किंमत आणि वर किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढलेली हवी. हा एक तृतीयांश कुठल्या नियमातून आलेला नाही. अशा गाडीत एक मोठं काम आणि टायर-बुशसारखी एक-दोन मध्यम कामं पहिल्या वर्षात एकत्र आली तर निभावून नेता यावं, एवढाच त्यामागचा विचार आहे. आज तुमच्याकडे हे नाही. ज्या रकमेचा हप्ता भरायची तुमची तयारी होती, ती रक्कम दरमहा बाजूला टाकत राहिलात तर दोन-अडीच वर्षांत त्यातला काही भाग जमेल, पूर्ण रक्कम जमायला त्याहून जास्त वेळ लागेल. आणि अशा गाड्यांच्या किमती तोवर आणखी उतरलेल्या असतील, कारण किमतीची घसरण कोणत्याच आलिशान सेडानला सोडत नाही.

थांबायचं नसेल तर त्याच शिलकीत बसणारी लहान गाडी बघा, किंवा याच वर्गातली पण साध्या स्प्रिंगची आणि लहान इंजिनाची. बसायचा आराम थोडा कमी, पण सगळ्यात महाग दोन-तीन बिघाड यादीतूनच जातात.

आणि हे सगळं वाचूनही मन याच गाडीवर असेल, कारण गाडीचा ओढा नुसत्या आकड्यांनी जात नाही हे मी जाणतो, तर पैसे देण्याआधी एवढं नक्की करा. विक्रेत्याला सांगून गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चारही चाकांपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. इंजिन गार असताना तुमच्यासमोर सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चावी फिरवल्यावर एअरबॅग, एबीएस आणि इंजिन यांचे इशारादिवे आधी लागतात आणि मग विझतात का ते बघा. मुळात लागतच नसतील तर कोणीतरी ते बंद केलेले असू शकतात. मग विक्रेत्याशी संबंध नसलेल्या आणि याच बनावटीचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून, संगणक जोडून तपासून घ्या. त्याला एकच प्रश्न विचारू नका की गाडी चांगली आहे का. येत्या दोन वर्षांत काय काय बदलावं लागेल आणि प्रत्येकाला किती, हे त्याच्याकडून लिहून घ्या. या तपासणीचे पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका, गाडी नाकारलीत तरीही.

तो कागद हातात आला की त्याची बेरीज विक्रेत्यासमोर ठेवा. बुश, टायर आणि तेलगळती हे तर त्याच्याच दाखल्यावर लिहिलेलं आहे, ते किमतीतून वजा व्हायलाच हवं. आणि एक मर्यादा खरेदीच्या दिवशीच घरात ठरवून लिहून ठेवा: एका वर्षात दुरुस्ती अमुक रकमेपुढे गेली तर गाडी विकायची. पहिलं मोठं बिल भरल्यावर माणूस आता एवढे घातलेच आहेत तर अजून थोडे, म्हणून दुसरं भरतो, आणि मग तिसरं. ती मर्यादा तुमच्या आणि घरच्यांच्या सहीने असू द्या, म्हणजे त्या वेळी गॅरेजच्या दारात उभं राहून ठरवावं लागणार नाही.