एसआरएस दुसऱ्या गटाच्या हाती द्या

सप्रेम नमस्कार, वि. वि.

येत्या सेमिस्टरला तिसऱ्या वर्षाचा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय तुमच्याकडे आला आहे आणि मुलांचे लेखन सुधारण्यासाठी दोन-तीन स्वतंत्र व्याख्याने ठेवावीत का, असे तुम्ही विचारले आहे. ती ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संवादकौशल्याच्या तासाला अर्जाचे मायने शिकून आलेली मुलेच मिनी प्रोजेक्टच्या एसआरएसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचे हे नोंदवणाऱ्या दस्तऐवजात, ‘सिस्टीम फास्ट व यूजर-फ्रेंडली असावी’ असे लिहून मोकळी होतात, कारण ते वाक्य वाचून कोणाला तरी काम करायचे आहे, असा अनुभव त्यांना आलेलाच नसतो. फाईलवर सही झाली की ती कपाटात जाते. मग सीनियरच्या फाईलमधली ‘लायब्ररी’ काढून ‘हॉस्पिटल’ घातले, तर मुलांना त्यात वावगे का वाटावे?

म्हणून या लेखनाला खरा वाचक मिळवून द्या. एका गटाची एसआरएस दुसऱ्या गटाला द्या आणि लेखकांना काहीही न विचारता, केवळ कागदाच्या आधारे, तिच्यातला एक छोटा भाग प्रोग्राम करून दाखवायला सांगा. जिथे अडेल तिथे त्यांनी प्रश्न लिहून ठेवावा. ‘पुस्तक उशिरा परत केल्यास दंड आकारावा’ हे वाक्य निर्दोष दिसते. पण कोड लिहायला बसले की दंड दिवसाला किती, सुट्टीचे दिवस धरायचे का, दंड थकलेला असताना नवे पुस्तक द्यायचे का, हे सगळे प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न घेऊन मूळ गटाने दुसरा खर्डा करावा आणि टर्मवर्कचे (सत्रातल्या कामाचे) गुण त्या खर्ड्याला मिळावेत. पहिल्या खर्ड्यातले व्याकरण लाल शाईने सुधारत बसू नका. त्यातली निम्मी वाक्ये पुढे राहणारच नाहीत.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘830’ या 1998 च्या शिफारशीतले चांगल्या एसआरएसचे निकष मुले पेपरात घडाघडा लिहितात. प्रत्यक्ष कामात त्यांतल्या एकाच निकषावर भर द्या, तो म्हणजे पडताळणी: लिहिलेली गोष्ट पुरी झाली की नाही, हे तपासता आले पाहिजे. त्याच दस्तऐवजात दिलेला नमुना फळ्यावर लिहा: अमुक घटनेनंतर 60 टक्के वेळा 20 सेकंदांत आणि 100 टक्के वेळा 30 सेकंदांत निकाल मिळाला पाहिजे. ‘फास्ट’ आणि हे वाक्य शेजारी शेजारी मांडले की फारसे समजावून सांगावे लागत नाही.

प्रोग्राम पडद्यावर जे दाखवतो तेही लेखनच आहे, हे त्यांना थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राच्या उदाहरणावरून सांगा. मार्च 1986 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील टायलर येथे उपचार चालू असताना पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ असा संदेश उमटला. त्याचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता आणि असे संदेश रोजचेच असल्याने चालक महिलेने उपचार पुढे चालू ठेवला. रुग्णाला किरणांची प्रचंड मात्रा बसली आणि पुढे काही महिन्यांत त्याचा मृत्यू झाला. मूळ दोष प्रोग्राममधला होता, हे खरेच. परंतु धोका नेमका कशाचा आहे आणि आता काय करू नये, हे सांगणारी एक ओळही तिथे नव्हती. यानंतर मुलांना स्वतःच्या प्रोजेक्टमधले सगळे एरर मेसेज नव्याने लिहायला लावा. कमिट मेसेज (कोडमधला बदल जतन करताना लिहायची टीप) आणि बग रिपोर्ट (प्रोग्राममधल्या दोषाची नोंद) यांची सवय प्रॅक्टिकलच्या बॅचमध्येच, दर आठवड्याला थोडी थोडी लावता येईल.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची मात्र विशेष काळजी घ्या. इंग्रजीच्या धास्तीने ती जुन्या फाईलमधली वाक्ये उचलतात आणि त्यांना समजलेले कागदावर येतच नाही. सिस्टीमने काय करायचे हे त्यांना आधी मराठीत, हवे तर तोंडी, सांगू द्या. मग लहान लहान वाक्यांत इंग्रजी मसुदा करायला बसवा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक इंग्रजी मसुदाच पाहणार आहेत, तेव्हा ही दुसरी पायरी टाळू नका.

पाच-सहा गटांची एक बॅच धरली, तर ही अदलाबदल दोन प्रॅक्टिकलमध्ये बसते. पहिल्या फेरीत मुलांनी काढलेले प्रश्न मला अवश्य पाठवा. ते वाचायची मला फार उत्सुकता आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.