घरात, शेतात आणि कधीमधी ट्रेकला चालेल अशी एलईडी टॉर्च कशी निवडावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहता, पावसाळ्यात लाईट जाते, वडील निफाडकडे द्राक्षबागेला रात्रीचं पाणी द्यायला जातात आणि वर्षातून दोन-तीनदा तुम्ही ट्रेकला जाता. या सगळ्याला मिळून हजार-दीड हजारात एकच टॉर्च हवी आहे, आणि ऑनलाईन दिसते ती '१ लाख ल्युमेन'वाली (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) घ्यावी का, असं विचारलंय.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. नका घेऊ. मी घेतली होती.

घोटीवरून बारी गावात रात्री पोचून कळसूबाई चढत होतो. दुसऱ्या लोखंडी शिडीपाशी ती टॉर्च एकदा लुकलुकली आणि गेली. पाऊण तास चालली असेल. उरलेली चढण मित्राच्या उजेडात, त्याच्या शिव्या खात. घरी येऊन सेल बाहेर काढला. वर छापलं होतं '९९०० एमएएच' (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती साठा मावतो त्याचं माप). मी सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला आहे, सेल हाताला हलका लागला तेव्हाच शंका आली. ओळखीच्या सराफाकडे जाऊन त्याच्या काट्यावर ठेवला, तर २६ ग्रॅम! त्या मापाचा खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सराफ म्हणाला, "सोन्यात अशी घट आली असती तर तू मला सोडलं नसतंस."

त्या सेलला १८६५० म्हणतात. हा आकडा काही गूढ नाही: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शून्य म्हणजे गोल. या मापात बहुतेक चांगले सेल ३५०० एमएएचच्या आसपासच थांबतात. ५००० एमएएच हवं तर त्याहून जाड २१७०० मापाचा सेल लागतो. त्यामुळे १८६५० वर ६०००, ९९०० असलं काही छापलेलं दिसलं की दुकानदाराला राम राम करायचा.

आता लाख ल्युमेनचा हिशोब घरच्या घरी करून बघा. ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर साधारण ९०० ल्युमेन लिहिलेलं असतं, म्हणजे वॅटमागे शंभर. टॉर्चमधलं एलईडीसुद्धा ढोबळमानाने तेवढंच देतं. लाख ल्युमेन म्हणजे हजार वॅट. बोटाएवढ्या सेलमधून इस्त्रीइतकी वीज ओढायची! चांगल्या १८६५० सेलमध्ये एकूण साठा असतो १२ वॅट-तासांचा. म्हणजे १०० ल्युमेन हवे असतील तर बारा तास, हजार हवे असतील तर तासभर. जाहिरातदार काहीही छापो, या गणितातून त्याची सुटका नाही. म्हणून मी टॉर्च बघायला गेलो की आधी आत कोणता सेल आहे ते विचारतो. आपण पैसे मोजतो ते मुळात सेलचे, उजेड त्याच्या मागून येतो.

आमच्या आजोबांकडे पितळी एव्हरेडी होती, तीन मोठ्या सेलची. आमच्याकडे तिला टॉर्च कधीच म्हटलं नाही, बॅटरीच. "बॅटरी मार रे तिकडं." सेल उतरले की उजेड पिवळा, मग तांबूस होत जायचा, आणि आजी ते सेल पत्र्यावर उन्हात ठेवायची, की अजून चार दिवस निघावेत. त्या पिवळेपणाचा एक फायदा होता: बॅटरी आधी सांगून जायची. आताच्या चांगल्या एलईडी टॉर्चमध्ये उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवणारं सर्किट असतं आणि मग एकदम घसरण होते. त्यामुळे बटणाजवळ सेल किती उरलाय ते दाखवणारा छोटा दिवा असेल तर त्याचे थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

सेलचे प्रकार तुमच्या कामाच्या दृष्टीने सांगतो. बाजारात सर्वात जास्त दिसते ती मागून दोन पिना बाहेर काढून थेट बोर्डात खोचायची चार्जिंगची बॅटरी. यातल्या बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांच्या पोटात शिसे-आम्लाचा, म्हणजे गाडीच्या बॅटरीच्या जातीचा छोटा डबा असतो. रोज वापरून रोज चार्ज करणाऱ्याला ती ठीक आहे. पण आपण काय करतो, संपली की कपाटावर ठेवतो आणि पुढच्या पावसाळ्यात काढतो. रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची बसते. तुमच्या घरात अशी एखादी मेलेली असणारच. माझ्याकडे तीन आहेत.

घरातल्या टॉर्चसाठी मी पेन्सिल सेलवर चालणारी घेईन, म्हणजे घड्याळाला लागतो तो डबल ए. किराणा दुकानातही मिळतो, म्हणून. फक्त सहा-सहा महिने आत ठेवू नका, अल्कलाईन सेल पाझरतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. पाझरलाच तर कापूस व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पुसा, कोरडं करा, बहुतेक वेळा टॉर्च वाचते. घरात किती उजेड लागतो? वीस ल्युमेन पुष्कळ. टॉर्च बुडावर उभी राहत असेल तर छताकडे तोंड करून ठेवा, सगळी खोली उजळते आणि डोळ्यावरही येत नाही. मोबाईलचा फ्लॅशही घरात चालून जातो, पण लाईट गेल्यावर मोबाईल चार्ज होणार नसतो हे विसरायला होतं.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, इथेच सगळे फसतात. चांगल्या कंपन्या एफएल १ नावाच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आकडे देतात, ते २००९ साली आलं. त्यात 'रनटाईम' म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे '१००० ल्युमेन, ४ तास' असं लिहिलं असेल तर हजार ल्युमेन चार तास मिळतील असं नाही. टॉर्च चार-पाच मिनिटांत तापते, सर्किट उजेड निम्म्याच्याही खाली आणतं, आणि मग तशीच रडतखडत जात शंभर ल्युमेनवर आली की चार तास मोजले जातात. यात खोटं काही नाही, पण आपण वाचतो ते वेगळंच. मधल्या मोडचा, दीड-दोनशे ल्युमेनचा, रनटाईम किती ते बघा. प्रत्यक्षात तुम्ही तोच वापरणार आहात.

अंतराचंही तसंच. त्या मानकात पल्ला म्हणजे पाव लक्स उजेड जिथवर पोचतो तिथवर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. '२०० मीटर' लिहिलं असेल तर दोनशे मीटरवर चांदण्याएवढा उजेड पडेल, तिथे उभा आहे तो माणूस की खांब हे ओळखता येईलच असं नाही. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, म्हणून मी छापील पल्ल्याचा निम्माच खरा धरतो. आणि लांब जाणं हे नुसत्या ल्युमेनवर नाही, झोत किती आवळलाय त्यावर अवलंबून असतं. पुढे-मागे सरकवायच्या झूमवाल्या टॉर्चचं लोकांना फार आकर्षण. पूर्ण आवळल्यावर भिंतीवर चौकोन दिसतो ना, ती एलईडीच्या चिपचीच प्रतिमा असते. त्या वेळी बराचसा उजेड नळकांड्याच्या आतच वाया जातो, आणि सरकणाऱ्या भागातून पाणी आत जातं ते वेगळंच.

आता वडिलांचं. मला खरं उत्तर द्यायचंय ते याचंच, कारण आमचीही बाग आहे, दिंडोरी तालुक्यात, दादा बघतो. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसाची लाईट काही ठिकाणी मिळू लागलीय, पण ज्याच्या वाट्याला रात्रीची पाळी आहे त्याला दोन वाजता उठून मोटर चालू करायला जावंच लागतं. आणि निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगावी, पारा उतरला की पहाटे बागेला पाणी सोडायला आणि शेकोट्या पेटवायला माणूस बांधावर असतोच.

तिथे टॉर्चचं पहिलं काम म्हणजे पाय कुठे पडतोय ते दाखवणं. घोणस आणि मण्यार दोन्ही रात्री फिरणारे. पाचोळ्यात पडलेली घोणस म्हणजे तपकिरीवर तपकिरी. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा उजेड सगळंच राखाडी करून टाकतो, त्यात ती दिसतच नाही. म्हणून शेतासाठी उजेडाचा रंग ४००० ते ५००० केल्विन असलेली घ्या आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त दिसलं तर लगेच उचला. सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप. ल्युमेन थोडे कमी मिळतील, मिळू देत. (याच उजेडात पानाखालचा डावणी रोगही ओळखता येतो, असं दादा म्हणतो. मला तो दिवसाही ओळखता येत नाही.)

दुसरं म्हणजे धरायचं कसं. टॉर्च कमरेच्या खाली, तिरकी धरा. झोत जमिनीला घासून गेला की प्रत्येक खडा, प्रत्येक वळकटी सावली टाकते आणि सपाट नसलेलं काहीही उठून दिसतं. डोक्याला बांधायचा हेडलॅम्प इथे मार खातो. त्याचा उजेड डोळ्याशेजारूनच निघत असल्याने सावल्या आपल्यापासून लपतात आणि जमीन सपाट भासते. उलट बिबट्यासाठी तोच कामाचा. जनावराच्या डोळ्यामागे आरशासारखा पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. दिवा डोळ्यालगत असेल तरच ती चमक आपल्याला दिसते. म्हणून दादा मोटरच्या स्टार्टरच्या पेटीपाशी पोचायच्या आधी थांबतो, टॉर्च गालाला लावतो आणि उसाच्या कडेने एकदा सावकाश फिरवतो. चमकलं म्हणजे बिबट्याच असं नाही, कुत्रं, मांजर, गाय सगळ्यांचे डोळे चमकतात, पण काहीही चमकलं की पुढे जायचं नाही, एवढा नियम त्याने घालून घेतलाय.

स्टार्टरच्या पेटीत हात घालायचा तेव्हा मात्र दोन्ही हात मोकळे हवेत, तिथे हेडलॅम्प. ट्रेकलाही तोच. कळसूबाईच्या शिड्या असोत की हरिहरच्या खोदीव पायऱ्या, एका हाताने टॉर्च धरून चढणं म्हणजे आगाऊपणा आहे. फक्त पावसाळ्यात धुकं असेल तर हेडलॅम्प डोक्यावरून काढून हातात, खाली धरा. डोक्यावर असताना धुक्यावरून परत आलेला उजेड थेट डोळ्यात जातो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

तेव्हा एकच टॉर्च घेऊ नका. दोन घ्या, हजार-दीड हजारात बसतात. १८६५० सेल बदलता येईल अशी, दोन-तीन मोडची हातातली टॉर्च वडिलांना. पेन्सिल सेलवर चालणारा साधा हेडलॅम्प घरात स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. तुम्ही ट्रेकला जाताना तो काढून न्या, घरी मोबाईल आहेच. फेनिक्स, नाईटकोअर वगैरे कंपन्यांच्या टॉर्च उत्तम असतात, पण या बजेटमध्ये त्यांच्या वाटेला जाऊ नका.

महात्मा गांधी रोडला किंवा मेन रोडला जाऊन हातात घेऊन बघा, ऑनलाईनचे आकडे वाचत बसू नका. बटण दाबल्यावर पहिला मोड कोणता लागतो बघा. दर वेळी लुकलुक आणि एसओएस (मदत मागायची उघडझाप) पार करून साध्या उजेडावर यावं लागत असेल तर ती वडिलांच्या हातात देऊ नका. हातमोजा घालून किंवा ओल्या बोटाने बटण दाबून बघा. सेल बाहेर काढता येत नसेल तर दोन वर्षांनी सगळी टॉर्च भंगारात. टाईप-सी चार्जिंग असेल तर स्वतःच्या मोबाईलची वायर लावून बघा, काही स्वस्त टॉर्च दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत, जुन्या चौकोनी तोंडाची वायर मागतात. सुटा सेल घ्यायचा झाला तर टॉर्च सोबत न्या, कारण संरक्षक सर्किटवाला सेल तीन-चार मिलिमीटर लांब असतो आणि प्रत्येक नळीत बसत नाही. सेलचं प्लास्टिक फाटलं असेल तर तो वापरू नका, आणि मे महिन्यात टॉर्च गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका.

पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे पावसाचे शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. शेताला ७ घ्या. आणि टॉर्चला दोरी बांधून मनगटात अडकवायला सांगा. दादाची आयपीएक्स ७ होती. मोटरीचा फुटबॉल (पाण्यातल्या पाईपच्या टोकाचा व्हॉल्व्ह) बघायला विहिरीत वाकला आणि हातातून सुटली. आम्ही दोघं काठावर उभे. पाणी खालून हिरवंगार उजळलेलं, मासे त्यातून फिरतायत, आणि काढायला कोणी उतरायला तयार नाही. सकाळपर्यंत विझली होती. गाळात आहे अजून.