मेथीवरचं ऊन

प्रश्न : मला रस्त्यावरचे फोटो काढायला आवडतात. पण मुंबईत दिसतं तसं आमच्या बार्शीत काय दिसणार? शिवाय अनोळखी माणसासमोर मोबाइल धरला की हात आखडतो. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : हात आखडतो हे चांगलंच आहे. ज्यांचा आखडत नाही, त्यांचे फोटो मला फारसे बघवत नाहीत.

मी शिकलो पुण्याच्या महात्मा फुले मंडईत. १८८६ सालची ती दगडी अष्टकोनी इमारत. पहिले दोन महिने नुसता हिंडत होतो आणि लोकांच्या पाठी टिपत होतो. समोर जायची छाती नव्हती. शेवटी कंटाळून एका मेथीवाल्या मावशींच्या गाळ्याजवळ खांबाला टेकून उभा राहिलो. आठच्या सुमारास वरून उन्हाची तिरीप उतरायची आणि जेमतेम दहा मिनिटं त्यांच्या जुड्यांवर थांबायची. नेमकं तेव्हाच त्या पाणी मारायच्या. हवेतला थेंबन्‌थेंब पेटायचा.

चौथ्या दिवशी मावशींनी विचारलं, “काय रं, मेथीचं लगीन लागतंय व्हय हितं?” मी फोटो दाखवला. “मी कुठंय यात?” खरंच नव्हत्या, फक्त हात आले होते. मग त्यांचा एक नीट फोटो काढला, प्रिंट नेऊन दिली. ती त्यांनी तराजूमागे खोचून ठेवली. त्यानंतर त्या रांगेत ‘तू कोण’ असं मला कुणी विचारलं नाही.

तेव्हा हिंडू नका, एक जागा धरा. तुमचा एस.टी. स्टँड घ्या, नाहीतर भगवंत मंदिराबाहेरचे फुलांचे हारवाले. आठवडाभर रोज त्याच वेळी जा. नामवंत छायाचित्रकार रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनवरचा १९९५ सालचा फोटो शोधून पाहा : पेपर वाचणारी माणसं जागच्या जागी आणि भोवतीची गर्दी धुरासारखी वाहतेय. शटर (कॅमेऱ्यात उजेड सोडणारी झडप) सावकाश ठेवायचं, कॅमेरा हलू द्यायचा नाही, एवढीच त्यातली करामत (सांगायला सोपी!). गाडी लागल्यावर दाराशी उडणारी झुंबड आणि बाकावर डुलकी काढणारे आजोबा, हे बार्शीतही असणारच.

कुणी ‘नको’ म्हणालं तर त्याच्यासमोरच फोटो पुसून टाका. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका.

प्रश्न : सुरुवातीला कॅमेरा कोणता घ्यावा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वर्षभर कुठलाच घेऊ नका, खिशातला मोबाइल पुरे. स्क्रीनवर उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा, म्हणजे ऊन पांढरंफटक पडणार नाही. आणि लेन्स रुमालाने पुसत जा. मला येणाऱ्या ‘धुक्यातल्या’ फोटोंपैकी निम्मं धुकं बोटांच्या तेलाचं असतं.