नवा फवारणी पंप: पहिली टाकी नुसत्या पाण्याची

प्रश्न : साहेब, काल १६ लिटरचा बॅटरीवरचा पंप आणला. दुकानदार म्हणाला, चार्जिंग करा आणि मारा. सोयाबीनवर अळी पाला खायला लागलीय. उद्या सकाळी औषध मारू का? (एक शेतकरी, ता. कागल)

उत्तर : उद्या सकाळी औषध नको, पाणी मारा. औषध संध्याकाळी मारलं तरी चालेल, तेवढ्या वेळात अळी काही शेत उचलून नेत नाही.

आज रात्री बॅटरी पुस्तिकेत लिहिलेत तितके तास चार्ज करा. पहिल्या चार्जिंगला घाई नको. यातली बॅटरी बहुधा लेड-ॲसिडची असते. ती रिकामी करून तशीच ठेवली की लवकर मरते, त्यामुळे फवारणी झाली की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची आणि हंगाम संपल्यावरही महिन्यातून एकदा आठवणीने चार्ज करायची.

सकाळी टाकी, झाकण आणि गाळणी धुऊन घ्या. नव्या टाकीत प्लास्टिकचा कीस, धूळ असं काहीबाही राहिलेलं असतं. म्हणून नोझल, म्हणजे फवारा पाडणारं टोक, काढून ठेवा, दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी घाला आणि पंप चालू करून ते पाणी कांडीतून (हातातल्या नळीतून) तसंच वाहू द्या. कचरा बाहेर पडला की मग नोझल बसवा. हे न करता पंप सुरू केला की पाच मिनिटांत नोझल तुंबतं आणि माणूस सवयीने ते तोंडाने फुंकतो. ती सवय पंपाच्या पहिल्या दिवसापासूनच लावून घेऊ नका. तारही घालू नका, भोक मोठं होतं. जुना टूथब्रश आणि पाणी पुरे.

आता टाकी अर्धी भरा, पाठीला लावा आणि पट्टे अंगाबरोबर करून घ्या. भरलेला पंप २० किलोच्या वर जातो. पट्टा सैल राहिला तर संध्याकाळी कंबर बोलते. ट्रिगर दाबून दहा मिनिटं चालवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. झाकण, टाकीखालचा जोड, होज पाइप आणि ट्रिगर यातून कुठे थेंब पडतोय का? पडत असेल तर आधी जोड उघडून वॉशर नीट बसलाय का बघा. पान्याने आवळत बसाल तर प्लास्टिकचे आटे जातील. तरीही गळत असेल तर पंप दुकानात परत न्या. आज पाठीवर पाणी गळतंय, उद्या तिथे औषध असेल आणि भिजलेल्या सदऱ्यातून ते कातडीत मुरेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या विरुद्ध न फवारणं हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असूनही केलं जात नाही, म्हणून पुन्हा सांगतो.

आता खरं काम. "पंपाला औषध किती टाकू?" हा प्रश्न मला रोज येतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या पायांत आहे. शेतात ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा आखा. तो झाला एक गुंठा. टाकीत मोजून ५ लिटर पाणी घाला आणि रोजच्या चालीने तेवढाच गुंठा फवारा. उरलेलं पाणी बादलीत ओतून मोजा. समजा १ लिटर उरलं, म्हणजे गुंठ्याला ४ लिटर लागलं. एकराचे गुंठे ४०, म्हणजे १६० लिटर, म्हणजे तुमच्या चालीने एकराला १० पंप (१६ लिटरच्या १० टाक्या). बाटलीवर एकरी ६० मिली लिहिलं असेल तर पंपाला ६ मिली. पण तोच पंप तुमच्या पुतण्याच्या पाठीवर गेला आणि तो भराभर चालत सहा पंपांत एकर उरकून आला, तर शेतात ३६ मिलीच पडलं. मग अळी मरत नाही आणि शिव्या औषधाला बसतात. ज्याने फवारायचं त्यानेच गुंठा मोजावा. आणि माप टोपणाने नको, मापाच्या नळीने घ्या. प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं. एकरी पाणी बाटलीवर लिहिल्यापेक्षा फारच कमी भरत असेल तर चाल कमी करा आणि पुन्हा मोजा.

जाता जाता ट्रिगर एक मिनिट दाबून नोझलचं पाणी मापात धरा आणि तो आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी पाणी त्याच्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त पडायला लागलं तर नोझल झिजलं, बदला.

प्रश्न : पंपाबरोबर पिशवीत चार-पाच नोझल आलेत. उसातलं तण आणि भाजीपाला, दोन्हीला एकच चालेल का? (ता. शिरोळ)

उत्तर : नाही. कीटकनाशक, बुरशीनाशकाला गोल धुकं पाडणारं हॉलो कोन. तणनाशकाला पंख्यासारखा पट्टा पाडणारं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, ज्याला काहीजण कट नोझल म्हणतात. बारीक धुकं वाऱ्यावर शेजारच्या रानात जातं, म्हणून तणनाशकाला ते नकोच.

पण माझं ऐकाल तर तणनाशकाला पंपच वेगळा ठेवा. आमच्या घरी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता खंगाळून वांग्याला वापरला होता. आठवड्यात शेंडे पिळवटले. ते वांगं पुन्हा काही उभं राहिलं नाही आणि वडिलांनी त्या पंपावर तांबड्या रंगाने फुली मारली. तुम्हीही मारा.

पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी टाकीत घालू नका. गाळणी तुंबते ते वेगळंच, पण काही तणनाशकं मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात.

प्रश्न : गच्चीतल्या गुलाब-जास्वंदीसाठी २ लिटरचा हातपंप घेतला. कितीही दांडा मारला तरी धारच येते, फवारा नाही. पंप खराब आहे का? (एक ताई, कोल्हापूर शहर)

उत्तर : ताई, टाकी काठोकाठ भरलीत का? हा पंप हवेच्या दाबावर चालतो. पाव भाग रिकामा राहिला नाही तर हवा कोंडायला जागाच नाही. खुणेपर्यंतच भरा, झाकणाचा वॉशर बसलाय का बघा, दांडा घट्ट होईपर्यंत मारा आणि पुढचं पितळी टोक थोडं फिरवून धारेचं धुकं करा. निंबोळी तेल वापरणार असाल तर आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून मग टाकीत घाला, नुसतं तेल पाण्यावर तरंगतं. आणि काम झाल्यावर झाकण एकदम उघडू नका; दाबाची पिन ओढून हवा सोडा, मगच उघडा.