इन्शुलिन सुरू झाल्यावर ट्रकचा परवाना राहील का?

प्रश्न : माझे वडील ५४ वर्षांचे असून गेली २८ वर्षे ट्रक चालवतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांना इन्शुलिन सुरू झाले आणि दिवाळीनंतर परवान्याचे नूतनीकरण आहे. एजंट म्हणतो, ‘मेडिकल मी आणतो, साखरेचं बोलूच नका.’ खरे सांगितले तर परवाना जाईल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : केवळ इन्शुलिन घेतो म्हणून परवाना नाकारावा, असे मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कुठेही म्हटलेले नाही. मालवाहतुकीच्या परवान्याचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते, तेव्हा नोंदणीकृत डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून दिलेला नमुना १-अ जोडावा लागतो. चालकाने स्वतः भरायच्या नमुना १ मध्ये मात्र फेफरे, अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे याविषयी थेट प्रश्न आहे. तेथे खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम १९ नुसार रद्द होऊ शकतो. एजंट हे सांगणार नाही.

खरा धोका साखर वाढण्यापेक्षा ती एकदम उतरण्याचा आहे. इंजेक्शन घेतले, माल उतरवायला उशीर झाला, जेवण राहिले आणि तशीच गाडी काढली, की घाम, थरथर, मग गोंधळ सुरू होतो, आणि त्या अवस्थेत आपले काही बिघडले आहे हे चालकाला स्वतःला उमगतेच असे नाही. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्यांना २०११ पासून अवजड वाहने चालवता येतात, परंतु साखर नियमित मोजून तिची नोंद ठेवण्याच्या अटीवर. तेथील शिस्त आपणही पाळावी : निघण्यापूर्वी आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर मोजावी, ती सुमारे ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास आधी काही खावे, आणि ७० च्या खाली गेल्यास गाडी बाजूला घेऊन ग्लुकोज घ्यावे व साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे स्टिअरिंगला हात लावू नये.

आपल्या डॉक्टरांना रात्रपाळीची आणि जेवणाच्या अनिश्चित वेळांची कल्पना द्यावी, कारण इन्शुलिनचा प्रकार आणि मात्रा त्यावरून ठरवता येते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करावी. सोबतच्या क्लीनरलाही ही लक्षणे सांगून ठेवावीत. ती बहुधा आधी त्यालाच दिसतील.