घरच्या घरी हॉट रॉडची बॉडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रबाळ्याला छोटा गाळा आहे. 1932 च्या फोर्ड रोडस्टरच्या धर्तीवर हॉट रॉडची (जुन्या गाडीत बदल करून घडवलेल्या गाडीची) दोन दारांची उघडी बॉडी करायची आहे. पत्रा कुठला आणि किती घेऊ? जीआय (जस्ताचा थर दिलेला) घेतला तर गंजाची कटकट मिटेल ना?

उत्तर : जीआय नको. वेल्डिंगच्या वेळी त्यावरचं जस्त जळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि सांध्यात भोकंही राहतात. एचआर (गरम असताना लाटलेल्या) पत्र्यावर काळी खपली असते, तोही बाजूला ठेवा. सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला पत्रा) घ्या, आयएस 513 या भारतीय मानकाचा, आणि दुकानदाराकडे ‘डीडी’ किंवा ‘ईडीडी’ (खोल आकार काढण्याजोगा) ग्रेड मागा. साधा ग्रेड सरळ दुमडायला चालतो, पण खोल फुगवटा काढताना त्याला चीर जाते.

बाहेरच्या अंगाला 1 मिमी, फ्लोअर आणि फायरवॉलला (इंजिन आणि बैठकीमधल्या भिंतीला) 1.2 मिमी. 0.8 मिमी ठोकायला सोपा वाटतो, पण ठोकून ताणला आणि वर सांधा घासला की हाताशी काहीच उरत नाही. बॉनेट आणि मडगार्ड सोडून 8 बाय 4 फुटी 4 पत्रे धरा, शिवाय एक सरावाला. 1 मिमीच्या एका पत्र्याचं वजन साधारण साडेतेवीस किलो भरतं. कळंबोलीच्या स्टील मार्केटला जाताना मायक्रोमीटर खिशात असू द्या, जाडी स्वतः मोजून घ्या.

प्रश्न : घोडबंदर रोडला रो-हाऊसच्या मागच्या अंगणात काम करतो. मागच्या कोपऱ्याचा पत्रा दोन्ही अंगांनी वळतो. इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा फिरवून वळवायचं यंत्र) नाही. वाळूच्या पिशवीवर मधोमध ठोकला, तर फुगा आला, पण कडा लाटांसारख्या झाल्या. पत्रा फुकट गेला का?

उत्तर : नाही गेला. मध्ये ठोकलं की तिथला पत्रा पातळ होऊन पसरतो आणि कडा आत ओढल्या जातात. आत आलेल्या कडेला तेवढी लांबी मावत नाही, म्हणून लाटा येतात. लाट दिसली म्हणजे तिथे पत्रा जास्त आहे. ती दाबून सपाट केली तर ती शेजारी सरकेल. तिला आखडायला हवं.

लाट उभी करून चिमटीसारखी दुमड करा. तिच्याखाली डॉली (हातात धरायचा घडीव ठोकळा) किंवा साधा लोखंडी ठोकळा धरा आणि दुमडीच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मॅलेट (लाकडी हातोडा) मारा, म्हणजे पत्रा स्वतःतच दबून जाड होईल. दुमड आडवी पडून पत्र्यावर पत्रा चढू देऊ नका, चीर तिथेच पडते. मोठ्या लाटेच्या दोन-तीन लहान दुमडी केलेल्या बऱ्या.

पण हे काम ठोकण्याच्या आधी कागदावर व्हायला हवं होतं. 12 मिमी प्लायचा हव्या त्या आकाराचा सांगाडा करा, आडव्या फळ्या दर 150 मिमीवर. त्यावर जाड खाकी कागद टाचण्यांनी बसवा. जिथे कागदाला घड्या पडतात तिथे पत्रा आखडायचा, तिथे उणे लिहा. जिथे कापल्याशिवाय कागद बसत नाही आणि काप उघडतो, तिथे पत्रा ताणायचा, तिथे अधिक. या खुणा पत्र्यावर उतरवा आणि चहूबाजूंनी 20 मिमी जास्त ठेवून कापा. वळणदार पत्र्याचं सगळं काम या दोन खुणांत आहे. कुठे किती पत्रा हवा हे कळलं की आकार आपोआप येतो. सांगाड्यावर पत्रा ठेवून मात्र ठोकायचं नाही. सांगाडा फक्त ताडून पाहायला.

वाळूची पिशवी कोरड्या बारीक वाळूने तीन चतुर्थांशच भरा. गच्च भरली तर पत्रा आत बसत नाही. शेवटच्या सफाईला ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या तुकड्याचा स्लॅपर (चपटी ठोकणी) करा. त्याच्या कडा गोल घासा, तोंड आरशासारखं करा. त्यावरचा प्रत्येक ओरखडा तुमच्या पत्र्यावर छापला जातो. उंचसखल डोळ्याला दिसत नाही. सुती हातमोजा घालून तळहात लांबवर फिरवा, लगेच कळतं.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45. हातोडा ती सहज ओलांडतो, म्हणून ठोकायच्या वेळा आधी सांगून ठरवा.

प्रश्न : दाराचे दोन पत्रे मिगने (तार आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगने) जोडले. आता दाराचा मधला भाग दाबला की ‘टक्’ करून आत जातो, सोडला की बाहेर येतो. तिथे तापवून पाणी मारू का? (खारघर)

उत्तर : थांबा, तिथे हात लावू नका. दोष मधल्या पत्र्यात नाही. वेल्ड थंड होताना आक्रसला, सांध्याची रेघ आखूड झाली आणि शेजारचा पत्रा त्या मानाने जास्त ठरला. सांध्यालाच ताणा : वेल्ड घासून पत्र्याच्या पातळीच्या जेमतेम वर आणा, खाली डॉली घट्ट टेका आणि थेट वेल्डवर हलके, जवळजवळ ठोके मारत जा. दर चार बोटांवर थांबून मध्ये दाबून पाहा. ‘टक्’ थांबलं की लगेच थांबा. जास्त ताणलं तर सांधाच लाटा मारायला लागतो.

पुढच्या वेळी सांधा कडेला कड लावून करा. कडांमध्ये 0.8 मिमी फट, वायर 0.8 मिमी, गॅस 80 टक्के आर्गॉन आणि 20 टक्के कार्बन डायऑक्साइड. दर 25 मिमीवर टॅक (वेल्डचा छोटा ठिपका), मग प्रत्येक दोन टॅकच्या मधोमध एक. टॅक हाताला गार लागेपर्यंत शेजारी दुसरा नाही. सलग रेघ ओढायचा मोह आवरा, दारं त्यानेच बिघडतात. घासताना फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची घासायची चकती) एका जागी ठेवू नका, पत्रा निळा पडला की तोही वाकतो. टिग (टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग) जमत असेल तर फट न ठेवता साधारण 40 अँपिअरवर करा. त्याचा वेल्ड मऊ असल्यामुळे ठोकायला सोपा. पत्र्यावर पत्रा चढवून जोडू नका, मधल्या फटीत पाणी राहतं.

प्रश्न : जुन्या जीपच्या चॅसिसवर अशी बॉडी चढवून ठाणे आरटीओत नोंद होईल? (कळवा)

उत्तर : रस्त्यासाठी तसा बेत करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 2021 चे व्हिंटेज नियमही कामाचे नाहीत. ते 50 वर्षांवरच्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहेत. म्हणून कागद शाबूत असलेली चांगली जुनी गाडी यासाठी कापू नका. बॉडी प्रदर्शनासाठी किंवा खासगी आवारासाठी करा, ने-आण ट्रेलरवरून.

प्रश्न : ऐरोलीत खाडीजवळ आहे. ठोकलेला पत्रा रातोरात लालसर होतो. पावसाळ्यात काय करू?

उत्तर : काम सुरू असेपर्यंत रोज संध्याकाळी तेलाचा पातळ हात द्या. वेल्डिंगआधी तो ग्रीस रिमूव्हरने पूर्ण पुसा, नाहीतर सांध्यात भोकं येतात. घामाचे ठसेही गंजतात, हातमोजे घाला. पॅनल पूर्ण झालं की 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा आणि त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी त्या प्रायमरवर लावा, उघड्या पत्र्यावर नको. ती ओल शोषते आणि पुढच्या पावसात खालून फुगते. दाराच्या आतल्या घडीत प्रायमर पोचत नाही, तिथे कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचं गंजरोधक मेण) सोडा आणि दाराच्या तळाला पाणी निघायला 8 मिमीची दोन भोकं ठेवा.